न सुटणारं यार्ड

मच्छिंद्र कोळपे गळ्यात शिट्टी घालूनच जन्माला आला असावा. २००३ च्या जून महिन्यात दौंडला स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात तो पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात साखर कारखान्यानं दिलेले काळे बूट, काखेत दोनशे पानी वही आणि गळ्यात लाल दोरीला पितळी शिट्टी, असा सगळा थाट होता. वय बेचाळीस. क्लासमधली बाकीची मंडळी विशीच्या आतबाहेरची. त्यांना वाटलं, पोलीस भरतीचं मैदान शोधता शोधता कुणीतरी चुकून जिना चढून वर आलंय.

"ती शिट्टी काढून ठेवा ना," अनिता मॅडम म्हणाल्या. क्लास त्यांचाच. वय चोवीस, आवाज मात्र मुख्याध्यापकाचा.

"ऱ्हाऊ द्या मॅडम. गळ्यात नसली की मान हलकी हुती. डुलकी लागती."

शिक्षण खात्याला एकाएकी साक्षात्कार झाला होता की मराठीच्या मास्तरांनाही कॉम्प्युटर आला पाहिजे, म्हणून मी तिथं होतो. मच्छिंद्रच्या कारखान्याचा वजनकाटा कॉम्प्युटरवर जाणार होता, म्हणून तो तिथं होता. क्लासमधले दोन म्हातारे म्हणून आम्हा दोघांना मिळून एक कॉम्प्युटर देण्यात आला. तो पहिल्याच दिवशी बंद पडला. मच्छिंद्रनं सवयीनं शिट्टी फुंकली. तीन पोरं खुर्चीवरून उठून सरळ उभी राहिली. कॉम्प्युटर काही उठला नाही.

त्याच्या कारखान्याचं नाव घेत नाही. घेतलं तर सभासद नसूनही मला पुढच्या वार्षिक सभेत माफी मागावी लागेल. पण मच्छिंद्रचं काम सांगायला हवं. हंगामात फाटकातून आत आलेली उसाची वाहनं काट्यावर नंबर लागेपर्यंत ज्या मैदानात थांबतात, ते यार्ड. ट्रॅक्टर, त्यांच्यामागं दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक, बैलांच्या टायरगाड्या. सगळे उसानं ओसंडून चाललेले, सगळे घाईत, आणि प्रत्येकाची खात्री की पुढचा मध्येच घुसलाय. ह्या सगळ्यांना ओळीनं उभं करणारा सुपरवायझर म्हणजे मच्छिंद्र. एक लांब शिट्टी म्हणजे पुढं. दोन आखूड म्हणजे थांब. तीन आखूड म्हणजे काय, ते इथं छापता येणार नाही, पण पाटसपासून कासुर्डीपर्यंतच्या प्रत्येक ड्रायव्हरला ते पाठ होतं.

त्याचा आजा खुटबावच्या माळावर तीनशे मेंढरं जाळीच्या वाघुरीत कोंडायचा. नातू ट्रॅक्टर कोंडायचा. कला तीच. "मास्तर," तो छाती काढून सांगायचा, "जिथं दुसरा यीस गाड्या बसवंल, तिथं मी तीस बसवतो. मधनं मांजराला जायचं आसंल तर त्येनं मला इचारून जावं."

"आणि संचालकांच्या गाड्या? त्याही ओळीत?"

"तेंचं येगळं. पोपटराव संचालकांच्या उसाला कशाची वळ? तेंची रांग मदीच साखळी लावून राखून ठिवलेली आसती. त्येचा आन् माझा संबंध न्हाई."

मी हसलो. सहकारात हा विनोद नसून नियम आहे.

पण ही मांजराची बढाई मारून झाली की तो एकदम गप्प व्हायचा. चहाचा ग्लास हातात तसाच धरून बसायचा. त्याचं कारण मला तुकड्यातुकड्यानं, आठ-दहा चहांमध्ये कळलं.

१७ जानेवारी २००२, दुपारचे तीन. मच्छिंद्रच्या बायकोचा, जाईबाईचा, धाकटा भाऊ सोपान काट्यावर ट्रॉल्या जोडण्या-सोडण्याचं काम करायचा. मच्छिंद्रनंच त्याला तिथं लावून दिलेलं. काट्याच्या चढावर एका ट्रॉलीची पिन तुटली, भरलेली ट्रॉली कलंडली आणि सोपान कमरेपर्यंत तिच्याखाली गेला. शंभर-दीडशे माणसांनी हातांनी ऊस उपसला. पण खालचा लोखंडी सांगाडा हलेना. जॅक लावला, तो चिखलात रुतला. क्रेन होती. यार्डाच्या पलीकडच्या टोकाला, वर्कशॉपपाशी, दोनशे पावलांवर. मध्ये एकतीस वाहनं उभी होती आणि मच्छिंद्रनं ती इतकी छान उभी केली होती की मांजरालाही जागा नव्हती.

तो शिट्टी फुंकत सुटला. फाटकाकडच्या गाड्या एकेक करून मागं काढायला लावल्या. पण भरलेली बैलगाडी मागं जात नाही; दोन-अडीच टन ऊस मागं रेटणं बैलांच्या मानेला जमत नाही. त्यात निम्म्या गाड्यांचे बैल सोडून कडेला बाभळीखाली बांधलेले. ते आणा, जुंपा, मग पुढं कुठं जागा होते का बघा. मधून मधून मच्छिंद्र पळत सोपानकडं यायचा. सोपान शुद्धीवर होता.

"दाजी, आजून किती येळ?"

"आली, आली. वळली बघ क्रेन."

दुसऱ्यांदा आला तेव्हाही सोपाननं तेच विचारलं आणि मच्छिंद्रनं तेच सांगितलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा सोपाननं काही विचारलं नाही. क्रेन पोचायला सव्वा तास लागला. सोपान पन्नास मिनिटं होता.

चौकशी झाली. तिघा साहेबांनी यार्ड पाहिलं, चहा घेतला आणि लिहून दिलं, की वाहनांची दाटी लक्षात घेता क्रेन ह्याहून लवकर पोचणं शक्य नव्हतं. कोणाचाही दोष नाही. मच्छिंद्रनं त्या कागदाचं लॅमिनेशन करून घेतलं आणि घरात देव्हाऱ्याशेजारी, खंडोबाच्या तसबिरीला लागून टांगलं. देवाला आणि चौकशी समितीला एकाच वेळी उदबत्ती मिळणारं ते आमच्या तालुक्यातलं एकमेव घर असावं.

पण तो कागद ज्या एका माणसासाठी टांगला होता, तिनं तो वाचला नाही. सोपानच्या तेराव्याला, माणसं उठून गेल्यावर, जाईबाईनं नवऱ्याला एकच प्रश्न विचारला होता.

"रस्ता हुता का न्हवता?"

"न्हवता," मच्छिंद्र म्हणाला.

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी थेट बोलेनाशी झाली. भांडण नाही, माहेरी जाणं नाही, स्वयंपाक वेळेवर. फक्त बोलणं सगळं म्हशीमार्फत. म्हशीचं नाव चंद्री. "चंद्रे, मालकाला सांग, भाकरी झाकून ठिवलीया." "चंद्रे, मालकाला इचार, उद्या डबा हवा का."

"आन् म्हस आशी निगरगट्ट मास्तर," मच्छिंद्र सांगायचा, "दीड वरीस झालं, येक निरोप पोचवला न्हाई." सांगून तो स्वतःच हसायचा. मीही हसायचो. मग आम्ही दोघंही चहाकडं बघायचो.

"तुमचं तुम्हाला काय वाटतं?" एकदा मी विचारलं. "रस्ता होता?"

"त्येच तर घोळतंय. कागूद म्हंतोय न्हवता. म्याबी म्हंतोय न्हवता. पर म्या हुबं केल्यालं यार्ड हाय ते. आसला आसंल, आन् मलाच दिसला नसंल, तर?"

हा प्रश्न घेऊन तो क्लासला येत होता. एक्सेल आणि वर्ड त्याच्या डोक्यावरून पाण्यासारखे वाहून जात होते.

अनिता मॅडमनी आमचा हात बसावा म्हणून एक खेळ लावून दिला. पडद्यावर चौकटींचं मैदान, त्यात आडव्या-उभ्या उभ्या असलेल्या गाड्या. प्रत्येक गाडी फक्त आपल्या रेषेत पुढं-मागं सरकते. दाटीतून वाट काढत एक लाल गाडी दारापर्यंत न्यायची; वळायची मुभा फक्त तिलाच. बस्स. पोरांनी दोन डाव खेळले आणि कंटाळली. मच्छिंद्र पडद्याकडं बघत राहिला. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम, ह्ये तर माझं खातं हाय!"

आठ दिवसांत त्यानं खेळातले सगळे पन्नास डाव उडवले. माझ्या हाताला माऊस लागू दिला नाही. मी शेजारी बसून वही सांभाळायचो. अडतिसाव्या डावाला मी म्हणालो, "ती निळी मागं घ्या." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी पुन्हा आयुष्यात कुणाला गाडी मागं घ्यायला सांगितली नाही.

पन्नासावा डाव सुटल्यावर पडद्यावर एक नवं बटण आलं. मॅडमनी वाचून दाखवलं, "आता स्वतःचा डाव तयार करा, असं म्हणतंय."

"सवताचा म्हंजी?"

"तुम्ही मैदान आखायचं, गाड्या लावायच्या. मग दुसरे ते सोडवणार."

मच्छिंद्रनं गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. क्लासमध्ये पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी तो आला तो वही भरून. पावसाळ्यात यार्ड मोकळंच असतं. सकाळी जाऊन त्यानं ते पावलांनी मोजलं होतं. दहा पावलांची एक चौकट. त्या दिवशीच्या एकतीसच्या एकतीस गाड्या त्याला तोंडपाठ होत्या. "हितं कासुर्डीच्या म्हाळूचा ट्रॅक्टर. ह्येच्या मागं बीडकडच्या चार टायरगाड्या. ही तिसरी थोडी वाकडी हुती, पर यंत्राला वाकडं चालत न्हाई." वर्गातल्या एकतीस मुलांची नावं पाठ व्हायला मला पंधरा दिवस लागतात.

आधी त्यानं भिंती घातल्या. खेळात काळी चौकट म्हणजे भिंत. तिथं कुठलीच गाडी जात नाही. बाहेरचं कुंपण, काट्याची खोली, भुशाचा ढीग, मधली पट्टी. भराभरा. मग गाड्या. खेळात गाडीला बाण काढायची सोय होती. बाण काढला की गाडी फक्त पुढं जाते. सगळ्या बैलगाड्यांना त्यानं बाण काढले. लाल गाडी म्हणजे क्रेन, ती वर्कशॉपपाशी.

"दार कुठं ठेवायचं?" मॅडमनी विचारलं.

त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "हितं."

"अहो, ते तर आतच आहे. काट्यापाशी. बाहेर पडायचं दार कडेला असतं."

"हितंच, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी दार तिथं ठेवलं.

जगात जो कुणी कोडं घालतो त्याची इच्छा असते की ते अवघड असावं, पण सुटावं. मच्छिंद्र कोळपे हा मला भेटलेला एकमेव माणूस, की ज्यानं कोडं घातलं आणि ते सुटू नये म्हणून खंडोबाला नवस बोलला. अकरा दिवस तो स्वतः झटला. सकाळी नऊ ते दुपारी दोन. कधी क्रेन निम्म्यापर्यंत यायची आणि तो खुर्चीतून अर्धा उठायचा. पुढं अडकली की तो मागं टेकून श्वास सोडायचा.

अकराव्या दिवशी मी म्हणालो, "झालं की. सुटत नाही. सिद्ध झालं."

"मला सुटत न्हाई, मास्तर. म्या सवताच आरोपी आन् सवताच पंच? भायेरचा मानूस पायजे. ज्याला सोपान ठावं न्हाई, कारखाना ठावं न्हाई, म्या ठावं न्हाई, आसा."

असे लोक मॅडमच्या टेलिफोनच्या तारेपलीकडं पुष्कळ होते. ह्या खेळाचं इंटरनेटवर एक पान होतं. जगभरचे रिकामटेकडे तिथं आपापले डाव टाकत आणि एकमेकांचे सोडवत. बनवणाऱ्यालाच न सुटलेल्या डावांचा तिथं वेगळा कप्पा होता. डाव पाठवताना नाव विचारलं. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी आकर्षक सांगा."

"यार्ड," मच्छिंद्र म्हणाला.

फोन दोनदा तुटला. तिसऱ्यांदा डाव गेला. डावाखाली दोन आकडे उमटले. किती जणांनी खेळला: शून्य. किती जणांनी सोडवला: शून्य.

पुढचा महिनाभर मच्छिंद्र रोज ते दोन आकडे बघायला यायचा. पहिला वाढत गेला. सात, बावीस, साठ, एकशे चाळीस. दुसरा शून्यावर ठाम. खाली लोक काहीबाही लिहून जात. ब्राझीलच्या एकानं लिहिलं, माझी झोप गेली. मी भाषांतर करून सांगितल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "त्येला सांगा, माझी आदीच गेलीया." पोलंडच्या बाईनं लिहिलं, हा डाव बनवणारा माणूस दुष्ट असला पाहिजे. हे मी सांगितलं नाही. शेवटी फिनलंडच्या एका गृहस्थानं लांबलचक मजकूर धाडला. त्यानं आपल्या कॉम्प्युटरलाच कामाला जुंपून गाड्यांच्या सगळ्या शक्य हालचाली तपासून घेतल्या होत्या. निकाल: हा डाव सुटू शकत नाही. माझं इंग्रजी बेताचं. पण एवढं वाक्य मी मोठ्यानं वाचलं आणि मच्छिंद्रच्या पाठीवर थाप मारली. खाली अजून दोन ओळी होत्या. त्या वाचायचं मला सुचलं नाही.

"पुन्यांदा वाचा," मच्छिंद्र म्हणाला.

मी पुन्हा तेवढंच वाचलं. त्यानं डोळे पुसले, त्या मजकुराची छापील प्रत काढून घेतली आणि लगेच समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन तिचंही लॅमिनेशन केलं. खंडोबाच्या दुसऱ्या बाजूला आता फिनलंड लटकलं.

जाईबाईनं हाही कागद वाचला नाही. पण "परदेशातनं आलाय" म्हटल्यावर तिनं चंद्रीला सांगितलं, "मालकाला म्हणावं, ते यंत्र मला दाव."

बाजाराच्या दिवशी दोघं एस.टी.नं आली. जाईबाई उंच, काटक, डोक्यावर पदर, हातात रिकामी पिशवी. मॅडमनी खुर्ची दिली तर ती काठावरच टेकली. मच्छिंद्रची नुसती गडबड चालली होती. नव्या सदऱ्यात, शिट्टी घासून चकचकीत, परीक्षेत पहिला आलेला मुलगा आईला निकाल दाखवायला आणतो तसा.

"ह्ये यार्ड," तो तिच्याकडं न बघता, पडद्याला उद्देशून बोलत होता. "ही क्रेन. ह्यो काटा. दोनशे चौदा मान्सं बसली ह्येच्यावर. समद्या जगातली. येकालाबी रस्ता घावला न्हाई."

जाईबाई पदराआडून बघत होती. बराच वेळ. मग म्हशीच्या जागी तिनं मॅडमना घेतलं. "मॅडम, ह्यांना इचारा, ह्यो म्हाळूचा ट्रॅक्टर का?"

"व्हय," मच्छिंद्र उत्साहानं म्हणाला.

"ह्यांना इचारा, ह्या बीडवाल्यांच्या गाड्या?"

"व्हय, व्हय. वळकल्या का?"

"आन् ह्ये मदी काळं काय हाय?"

"भित," मच्छिंद्र म्हणाला. "काळं म्हंजी भित."

जाईबाईनं मान वळवली आणि दीड वर्षानं पहिल्यांदा सरळ नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं.

"यार्डात मदी भित कुठाय वो?"

मच्छिंद्रनं त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"तिथं साखळी हाय," ती म्हणाली. "पोपटरावाच्या रांगंची. सोपानचा डबा घिऊन यायचे तवा त्या साखळीवर फडकं वाळत घालायचे मी. रिकामी आसती ती रांग. त्या दिसीबी रिकामीच हुती. सकाळीच त्येचा ऊस निगून ग्येला हुता."

 

दहा वर्षं मच्छिंद्र त्या रांगेशेजारी उभा होता. दहा वर्षांत तिथं दुसऱ्या कुणाची गाडी उभी राहिलेली त्यानं पाहिली नव्हती, त्यानंच राहू दिली नव्हती. आकड्यात अडकवलेली साखळी, पोराच्या हातानं निघणारी. पण ती काढायची असते हेच त्याच्या डोक्यात नव्हतं. त्या दिवशी शिट्टी फुंकत पळताना नव्हतं, चौकशीच्या तिघा साहेबांच्या नव्हतं, शंभर-दीडशे माणसांतल्या एकाच्याही नव्हतं. आणि वहीत आखताना तिथं त्याच्या हातानं आपोआप काळं उमटलं होतं. मीही शेजारी बसून बघितलं होतं. मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं, कारण मीही ह्याच तालुक्यातला.

"मॅडम," मच्छिंद्र म्हणाला, "ते काळं काढा."

"राहू द्या ना आता," मॅडम म्हणाल्या.

"काढा."

मॅडमनी काळी पट्टी पुसली. मधोमध एक पांढरी रिकामी गल्ली उघडली. मच्छिंद्रनं माऊस हातात घेतला. त्याला विचार करावा लागला नाही. त्याचं खातंच होतं ते. म्हाळूचा ट्रॅक्टर रिकाम्या गल्लीत. त्याच्या मागची ट्रॉली गल्लीत. पहिली बैलगाडी पुढं, बाणाच्याच दिशेनं, तीही गल्लीत. एक ट्रक दोन चौकटी मागं. लाल गाडी सरळ. एक वळसा. दार.

सहा खेळ्या. पडद्यावर रंगीत फुगे उडाले आणि इंग्रजीत अभिनंदन आलं. ते फुगे बंद कसे करायचे हे मॅडमना काही केल्या सापडेना.

"यार्डात ह्येला पंद्रा मिन्टं," मच्छिंद्र म्हणाला. "लई झाली तर यीस."

जाईबाई उठली, रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली.

"चला," ती म्हणाली. "शेवटची यष्टी जाईल."

ती नवऱ्यालाच म्हणाली. मध्ये म्हैस नव्हती, मॅडम नव्हत्या.

ती दोघं गेल्यावर मी फिनलंडवाल्याचा मजकूर पुन्हा काढला आणि शब्दकोश घेऊन खालच्या दोन ओळी लावल्या. त्यानं लिहिलं होतं: डाव सुंदर आहे, फक्त मधली भिंत कशासाठी आहे ते कळलं नाही. ती नसती तर हा अगदी सोपा डाव झाला असता. हे वाक्य इतके दिवस मच्छिंद्रच्या घरात खंडोबाशेजारी लॅमिनेशन होऊन टांगलेलं होतं. उदबत्तीसकट.

मच्छिंद्रनं दोन्ही कागद उतरवले. दुरुस्त केलेला डावही त्यानं मॅडमकडून त्याच पानावर पाठवायला लावला. "पयला खोटा हुता. खरा बी जाऊ द्या." आठवड्यात नऊशे जणांनी तो सोडवला. एकानं लिहिलं, लहान मुलांसाठी ठीक आहे.

मग त्यानं कारखान्याला अर्ज केला, की मधली रांग संकटसमयी क्रेनसाठी मोकळी ठेवावी, साखळी काढावी. अर्जावर आवक क्रमांक पडला. बाकी काही पडलं नाही. नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा मच्छिंद्रनं स्वतःच साखळी आकड्यातून काढली, गुंडाळून वर्कशॉपात टाकली आणि रांगेच्या तोंडाशी पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "क्रेनचा रस्ता. गाडी लावू नये." चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पोपटरावांचे ट्रॅक्टर आले आणि मच्छिंद्रनं दोन आखूड शिट्ट्या मारून त्यांना सगळ्यांच्या मागं ओळीत उभं केलं. ड्रायव्हरला वाटलं, ह्याला ऊन लागलंय.

संध्याकाळी पोपटराव जीपमधून आले. ते काही वाईट माणूस नव्हेत. सोपानच्या तेराव्याला जेवून गेले होते. मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मच्छिंद्र, तुझा मेव्हणा गेला, लई वाईट झालं. पर त्येचा आन् माझ्या उसाचा काय संबंध?"

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रची बदली मळीच्या टाकीवर झाली. तिथं काम काहीच नसतं. टाकीवर नजर ठेवायची, आणि टाकी कुठं जात नाही. शिट्टी यार्डाच्या खात्याची होती, ती त्याच्याकडून जमा करून घेतली. तेव्हापासून त्याची मान खरंच एका बाजूला कलल्यासारखी दिसते. मी त्यावरून चेष्टा केली तर म्हणाला, "मी सांगितलंच हुतं मास्तर, हलकी हुती म्हनून."

घरी जाईबाई त्याच्याशी आता नीट बोलते. डब्याचं, पावसाचं, लेकीच्या शाळेचं, सगळं सरळ तोंडावर. सोपानचं काही आठवलं तर मात्र ती उठून गोठ्यात जाते आणि ते चंद्रीलाच सांगते. मच्छिंद्र ओसरीवर बसून ऐकतो.

गेल्या हंगामाआधी त्यानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. रविवारची दुपार होती, यार्ड मोकळं. साखळी कुणीही काढतं ही कटकट नको, म्हणून कारखान्यानं तिच्या जागी पक्कं काम केलं होतं. रांगेच्या दोन्ही अंगांना छातीएवढी विटांची भिंत, वर काळे-पिवळे पट्टे, तोंडाला लोखंडी फाटक, फाटकाला कुलूप. रंग अजून ओला होता.

मच्छिंद्र भिंतीच्या कडेनं पावलं मोजत चालला. दहा पावलांची एक चौकट. टोकाला पोचला, वळला, तशीच मोजत परत आला.

"मास्तर, माझा पयला नकाशा आता बरुबर झाला," तो म्हणाला. "चौकटीला चौकट."

पलीकडं वर्कशॉपपाशी क्रेन उभी होती. तिच्या आकड्यावर कुणीतरी डब्याचं फडकं वाळत घातलं होतं.